बंद होणाऱ्या गेमिंग कॅफेचा लॉट: त्यासाठी एफडी मोडावी का?

नाशिकहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३१, आयटी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ६२,००० रुपये, घरभाड्यासकट खर्च ४७,००० च्या आसपास, बँकेत ३,२०,००० ची एफडी. कॉलेजपासून प्लेस्टेशनचा नाद. खेळून झालेली डिस्क विकायची, त्या पैशात दुसरी घ्यायची, असं करता करता गेल्या १४ महिन्यांत त्यांनी ४१ डिस्क विकल्या आणि २६,००० रुपये सुटले. आता ओळखीतला एक गेमिंग कॅफे बंद होतोय. मालक २१२ डिस्क, ४ पीएस४ (प्लेस्टेशन ४) कन्सोल आणि ९ कंट्रोलर असा सगळा लॉट २,८०,००० ला द्यायला तयार आहे. वाचकाच्या अंदाजाने सहा महिन्यांत ३,७४,००० ची विक्री होईल, म्हणजे ९४,००० नफा. विचारलंय ते एवढंच: एफडी मोडू, की १४ टक्क्यांनी मिळणारं पर्सनल लोन घेऊ? आणि शेवटी एक ओळ: दिवाळीनंतर घरी बाळ येणार आहे, पत्नीचा पगार काही महिने थांबेल.

माझ्यासाठी तुमचं पत्र त्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतं. एफडी मोडू नका आणि लोनही घेऊ नका. आज ही एफडी म्हणजे घरचा जवळजवळ सात महिन्यांचा खर्च आहे. त्यातले २,८०,००० काढले की उरतात ४०,०००, म्हणजे एक महिनाही निघणार नाही. तेही नेमकं दवाखाना, औषधं आणि एकाच पगारावर घर चालवायच्या दिवसांत. लोन दोन वर्षांचं घेतलंत तर हप्ता १३,४०० च्या वर जातो आणि नुसतं व्याज ४२,००० च्या पुढे. सध्या तुमच्याकडे महिन्याला १५,००० शिल्लक पडतात. हप्ता भरल्यावर त्यातले दीड हजार राहतील.

पण फक्त ‘नको’ म्हणून हा विषय संपवणं तुमच्यावर अन्याय होईल. तुम्ही पत्रासोबत व्यवहारांची शीट जोडलीत. खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, दोन्ही किमती, सगळं त्यात आहे. माझ्याकडे येणाऱ्यांतले फार थोडे लोक इतकी स्वच्छ नोंद ठेवतात. त्यामुळे पुढचा हिशोब मी मुख्यतः त्या शीटवरूनच केला आहे. जिथे शीटमध्ये आकडा नाही, तिथे माझा अंदाज धरला आहे.

४१ पैकी २७ डिस्क तुम्ही घेतल्यापासून महिन्याच्या आत विकल्यात. त्यांवर २९,४०० सुटले. उरलेल्या १४ महिन्याहून जास्त पडून राहिल्या आणि त्यांवर ३,४०० चा तोटा झाला. तुमच्या धंद्याचं सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. गाजलेला गेम आला की नवी डिस्क पूर्ण छापील किमतीला मिळते. पहिल्या पंधरवड्यात ज्याचं खेळून झालं तो ती विकायला काढतो, आणि ज्याला नवी परवडत नाही तो ती घ्यायला टपलेलाच असतो. या दोघांच्या मधे तुम्ही चपळाईने उभे राहता, म्हणून पैसे मिळतात. काही महिन्यांनी ऑनलाइन स्टोअरवर त्याच गेमची सवलत लागते, किंवा पुढे कधीतरी तो प्लेस्टेशन प्लस या वर्गणीच्या योजनेच्या यादीत जातो. मग वर्गणी भरणाऱ्याला तो वेगळे पैसे न मोजता खेळता येतो आणि जुन्या डिस्कला कोणी विचारत नाही.

माझे मामा अप्पा बळवंत चौकात जुनी क्रमिक पुस्तकं विकायचे. अभ्यासक्रम बदलणार अशी नुसती कुणकुण लागली तरी त्या इयत्तेची पुस्तकं ते घेणं बंद करायचे, मग समोरचा कितीही स्वस्तात देवो. घरी माळ्यावर एका बदललेल्या अभ्यासक्रमाचे गठ्ठे कितीतरी वर्षं पडून होते. ते शेवटी रद्दीच्या भावात गेले. या लॉटच्या यादीत असा माल बराच आहे.

२१२ मधल्या ४६ डिस्क फुटबॉल, कुस्ती आणि क्रिकेटच्या जुन्या वर्षांच्या आहेत. कॅफेत तेच चालतं, म्हणून एकेका गेमच्या चार-चार प्रती आहेत. फुटबॉलचा गेम दर वर्षी सप्टेंबरच्या सुमाराला नवा येतो आणि त्या दिवशी आधीचा शिळा होतो. २०२३ पासून तर त्याचं फिफा हे नावही गेलं, आता तो ईए स्पोर्ट्स एफसी म्हणून येतो. तुमच्या शीटमध्ये असे जुने स्पोर्ट्स गेम्स ३५० च्या आसपास गेले आहेत: ४६ चे झाले १६,१००. २२ डिस्क एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलच्या आहेत. एक्सबॉक्स सीरिज एस या स्वस्त मॉडेलला डिस्क घालायची सोयच नाही, तेव्हा त्यांना गिऱ्हाईक आणखी कमी. ४०० धरले तर ८,८००. बाकीच्या १०४ पीएस४ डिस्क तुमच्या सरासरीने ९०० प्रमाणे ९३,६००, आणि ४० पीएस५ डिस्क १,९०० प्रमाणे ७६,०००. डिस्कचे एकूण १,९४,५००.

कॅफेत दिवसाला दहा-बारा तास चाललेला पीएस४ तुम्ही १६,००० ला धरलात. घरात वापरलेला आणि कॅफेतला यांची किंमत एक नसते, हे गिऱ्हाइकालाही कळतं. मी १२,००० धरतो: चारचे ४८,०००. कंट्रोलरचं तर स्टिक हलवली नाही तरी खेळाडू आपोआप सरकतो की नाही हे पाहूनच बोलावं. नऊचे मिळून ६,३००. सगळं विकलं गेलं, एकही डिस्क खराब निघाली नाही, कुरिअरचा रुपया लागला नाही, असं मानलं तरी बेरीज होते २,४८,८००. मालक मागतोय २,८०,०००.

आणि ‘सहा महिन्यांत’ या शब्दांवर थांबा. १४ महिन्यांत ४१, म्हणजे महिन्याला तीन. या वेगाने २१२ डिस्क संपायला सहा वर्षांच्या जवळपास लागतील. वेग चौपट केलात तरी दीड वर्ष. तेवढ्या काळात महिन्याच्या आत विकायचा नियम तुम्हाला जवळजवळ प्रत्येक डिस्कवर मोडावा लागेल. वेग चौपट करायचा म्हणजे रोज संध्याकाळी फोटो, मेसेज, घासाघीस, पॅकिंग. आत्ता तुम्ही एका व्यवहाराला अडीच तास देता असं लिहिलंय. २६,००० मधून नोंदायचं राहिलेलं कुरिअर वजा केलं की साधारण २३,७५० उरतात, तासाला सुमारे २३० रुपये. छंदातून आलेली ही कमाई चांगलीच म्हणायची. पण बाळ तान्हं असताना चौपट तास कुठून आणणार, हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायला हवं. पत्नीला हा लॉट माहीत आहे की नाही, पत्रात कुठेच नाही. माहीत नसेल तर आज सांगा.

जुन्या गेम्समध्ये पैसा आहे हे पटवायला तुम्ही दोन उदाहरणं दिली आहेत. पहिलं अमेरिकेतल्या गेमस्टॉपचं. ती कंपनी जुन्या गेम्सवर मोठी झाली हे खरं. ग्राहकाकडून डिस्क कमी भावात घ्यायची, तीच नव्यापेक्षा थोड्या कमी भावात विकायची, असा तो व्यवहार होता. जुन्या मालावरचं मार्जिन नव्यापेक्षा खूप जास्त असायचं. पण लोक गेम डाउनलोड करू लागले तसा तो झरा आटत गेला आणि कंपनीने शेकडो दुकानं बंद केली. जानेवारी २०२१ मध्ये तिचा शेअर उसळला तो भाव पडेल असं धरून उसने घेऊन विकलेले (शॉर्ट केलेले) शेअर्स परत घ्यायच्या ओढाताणीमुळे, डिस्क विकल्या गेल्या म्हणून नव्हे. दुसरं उदाहरण लिलावाचं. सुपर मारिओ ६४ या जुन्या व्हिडिओ गेमची एक प्रत जुलै २०२१ मध्ये १५ लाख ६० हजार डॉलरला गेली हे बरोबर. ती प्रत सीलबंद होती, कधी उघडलेलीच नव्हती. कॅफेतली डिस्क हे त्याच्या अगदी उलट टोक. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जो टीव्ही गेम होता, ‘९९९९ इन १’ छापलेल्या पिवळ्या कॅसेटवाला, त्याच्याशी माझ्याही लहानपणच्या सुट्ट्या जोडलेल्या आहेत. पण त्या कॅसेट बहुतेक नकला होत्या; आठवण मोठी, बाजारात मोल नाही.

डिस्कचे पुढचे दिवस कसे असतील याचाही विचार करा. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जुन्या गेम्सवर बंधनं घालायचं ठरवलं आणि खेळणाऱ्यांनी इतका विरोध केला की ते काही आठवड्यांतच मागे घ्यावं लागलं. तेव्हा जे नियमाने झालं नाही, ते आता ड्राइव्ह काढून टाकून होतंय. २०२४ मध्ये आलेल्या पीएस५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, तो वेगळा विकत घ्यावा लागतो. डाउनलोड केलेला गेम पुन्हा विकता येत नाही. डिस्कचा बाजार उद्याच संपेल असं मी म्हणत नाही. पीएस४ च्या डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५ वर चालतात, म्हणून त्यांना अजून मागणी आहे. पण घेणारे वाढत नसलेल्या बाजारात साठा करून बसणं तुम्हाला झेपणारं नाही.

मग करायचं काय? मालकाला सांगा, लॉट विकत घेत नाही, जांगडावर द्या. कापडबाजारात, सराफ्यात हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: माल त्याचा, विकणारे तुम्ही, विकला की तुमचे २० टक्के आणि बाकीचे त्याचे, न विकला तर परत. त्याला कॅफेची जागा रिकामी करायची आहे, माल खपवायची तुमच्यासारखी सवय त्याला नाही. वर्षभरात माझ्या हिशोबातला अर्धा माल जरी गेला तरी सुमारे १,२४,००० ची विक्री होते आणि तुम्हाला २४,८०० मिळतात. म्हणजे आत्ताइतकीच कमाई, आणि तुमचा एक रुपयाही अडकलेला नाही. कागदावर साधा करार करा: डिस्कची यादी, प्रत्येकीची कमीत कमी किंमत, हिशोब कधी द्यायचा, खराब निघाली तर कोणाची. दोघांच्या सह्या.

त्याला रोखच हवी असेल तर ४० पीएस५ डिस्कमधल्या तुम्हाला पक्क्या माहीत असलेल्या २० निवडा आणि १,१०० प्रमाणे २२,००० सांगा. हे पैसे तुम्ही कमावलेल्या २६,००० मधूनच जायला हवेत. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि पगारातून त्यात कधीही भर घालू नका. भाव जमला नाही तर हात जोडून परत या.

लॉटसोबत मालक तीन पीएसएन (प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेची) अकाउंट ‘मोफत’ देतोय, त्यांची किंमत शून्य धरा. अकाउंट विकणं कंपनीच्या अटींत बसत नाही आणि ते कधीही बंद होऊ शकतं. विकलंत तर शिव्या तुम्हाला खाव्या लागतील. कन्सोल जांगडावर घेतानाही स्वतःच्या अकाउंटने लॉग इन करून बघा. जेलब्रेक केलेला (कंपनीचं कुलूप तोडलेला) किंवा कंपनीने बॅन केलेला असेल तर बहुतेक वेळा तिथेच कळेल. यादीत प्रत्येक डिस्कपुढे रीजन, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागासाठी काढली आहे, ते लिहा. गेम कुठल्याही रीजनचा चालतो, पण त्याचा जादा कंटेंट डिस्कच्या रीजनशी जुळावा लागतो आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. शिवाय तुम्ही डिस्क भाड्याने द्यायचं मनात आहे असं ओझरतं लिहिलंय. ते करू नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच राखलेला आहे. विकत घेतलेली प्रत पुढे विकणं ही वेगळी गोष्ट.

आता कराचं. स्वतः खेळलेल्या डिस्क विकणं आणि विकण्यासाठी डिस्क घेणं यांत फरक आहे. पहिल्यात घरातली वापरलेली वस्तू जाते, तिच्यावर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. दुसरा सरळ धंदा आहे, त्याचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायला हवं. जीएसटी नोंदणीची ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा तुम्ही लिहिलीत, पण धंदा म्हणून परराज्यात माल पाठवलात तर ती मर्यादा उपयोगी पडत नाही, नोंदणी घ्यावीच लागते. तुमच्या शीटमध्ये इंदूर आणि बेंगळुरू दोन्ही आहेत. तेव्हा धंदा करायचा तर सध्या महाराष्ट्रातच विका. वाढवायचं ठरलं तर आधी सीएला भेटा. वापरलेल्या मालाला फक्त मार्जिनवर कर भरायची सवलत आहे, ती तेव्हा कामाला येईल. नेमणूकपत्रात बाहेरचा व्यवसाय करायला मनाई आहे का, तेही काढून वाचा.

विकताना एक गोष्ट विसरू नका: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. समोरचा क्यूआर पाठवून पिन टाकायला सांगत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

कॅफेमालकाकडे जाण्याआधी दोन कामं उरका. कंपनीच्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च किती बसतो आणि नवजात बाळाचं नाव किती दिवसांत घालावं लागतं, हे एचआरकडून लेखी घ्या. आणि तुमच्या स्वतःच्या कपाटात ३८ डिस्क आहेत असं लिहिलंय. त्यातल्या पुन्हा खेळणार नाही अशा आत्ताच विकायला काढा, म्हणजे सप्टेंबरच्या नव्या गेम्सच्या आधी त्या जातील. जांगडाच्या कराराचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.