कमिशनचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

लातूरच्या 61 वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आहे. 2009 साली 14 लाखांना घेतलेलं घर विकायला त्यांनी एका ऑनलाइन एजंट कंपनीकडे 25,000 रुपये भरले. ‘90 दिवसांत 62 लाख’ असं फोनवर सांगितलं गेलं. गिऱ्हाईक एकही आलं नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीतून 48 लाखांना सौदा ठरला, 5 लाख इसार मिळाला. आता कंपनी एक टक्का कमिशन मागतेय. द्यावं का?

ताई, करार उघडा. ‘घर कुणामार्फतही विकलं तरी कमिशन’ असं कलम नसेल, तर रुपयाही देऊ नका. असलं तरी आधी कंपनीने काय काम केलं, याचा हिशेब ईमेलवर मागा. महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहबांधणी नियामकाकडे, जायचं म्हणता, पण तिथली एजंट-नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी असते. तुमचं जुनं घर त्यात बसत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. एवढ्या रकमेला तिथे शुल्क नाही. लातुरात घर बघायला येणारा आधी बोअरला पाणी किती ते विचारतो. 62 लाख सांगणाऱ्याने ते तरी विचारलं होतं का?

मला धसका बसला तो तुमच्या शेवटच्या ओळीने. इसाराच्या पैशांतून बँकेतल्या साहेबांनी ‘गॅरंटीड’ पॉलिसी काढून दिली. वर्षाला 5 लाख, 10 वर्षं. पंधराव्या वर्षाअखेर 75 लाख.

हा हप्ता घराच्या पैशांच्या भरवशावर ठरला. 48 मधून दोन-अडीच लाख कर गेला की हातात 45. हप्ते मात्र 50 लाखांचे! आणि परतावा पडतो जेमतेम 4 टक्के, तोही तुमच्या 76व्या वर्षी. पेन्शनवर जगणाऱ्या बाईंना हे विकणाऱ्याचा मला संताप येतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के आहेत. 30 लाखांवर दर तिमाहीला साधारण 61,500 रुपये हातात येतात.

पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तुमचे 18 दिवस गेलेत, म्हणून हे उत्तर आजच मेलनेही पाठवलंय. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, पोच घ्या. बँकेतले साहेब ‘थांबा’ म्हणाले तरी थांबू नका. थोडी कपात होऊन पैसे परत येतील. ते खरेदीखत होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवा. सौदा फिसकटला तर इसार परत करायची वेळ येऊ शकते.