मल्टिमीटरवर १२.१४ दिसले म्हणून पॉवर सप्लाय निर्दोष ठरत नाही

१००० वॅटचा पॉवर सप्लाय असूनही गेम सुरू असताना संगणक ब्लू स्क्रीनसुद्धा न दाखवता एकदम बंद पडतो आणि सर्व्हिस सेंटरने मात्र 'व्होल्टेज बरोबर आहे' असे सांगून सप्लाय परत केला, हे आपण लिहिलेले वाचले आणि माझे वाया गेलेले चार महिने आठवले. धूळ, सैल कनेक्टर, तापमान वगैरे आपण पाहिलेच असेल असे धरून चालतो.

माझा सप्लाय ८५० वॅटचा, गोल्ड मानांकनाचा होता. ग्राफिक्स कार्ड ३२० वॅटचे आणि प्रोसेसर १२५ वॅटचा, म्हणजे कागदावरचा हिशेब ५०० च्या आसपास संपत होता. तीन आठवड्यांनी सप्लाय परत घ्यायला गेलो तेव्हा, मी फारच आग्रह धरल्यामुळे, सेंटरमधल्या गृहस्थांनी चाचणी माझ्यासमोर करून दाखवली. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार त्यांनी वाकवलेल्या टाचणीने काळ्या तारेला जोडली (अशाने सप्लाय संगणकाला न जोडता, म्हणजे भाराशिवाय, चालू होतो), पंखा फिरू लागला, पिवळ्या आणि काळ्या तारेला मल्टिमीटर लावल्यावर १२.१४ व्होल्ट हा आकडा आला आणि पावतीवर 'तपासले, दोष नाही' असा शेरा पडला. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नाहीत.

तो शेरा मी प्रमाण मानला, आणि हीच चूक मला सर्वांत महागात पडली. सप्लाय चांगला आहे असे एकदा डोक्यात बसल्यावर मी आधी रॅम बदलली, मग विंडोज नव्याने टाकले आणि शेवटी धडधाकट मदरबोर्ड काढून दुसरा बसवला. विंडोजच्या नोंदींमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसत होते, पण नावात पॉवर असले तरी ती नोंद संगणक रीतसर बंद झाला नाही एवढेच सांगते. तिच्यावरून कोणावरही ठपका ठेवता येत नाही.

भार नसताना १२ व्होल्ट देणे जवळजवळ कोणत्याही सप्लायला जमते. प्रश्न असतो तो पूर्ण भाराखाली, तापलेल्या अवस्थेत, एटीएक्स या संगणकाच्या सप्लायसाठीच्या मानकाची (३.० च्या आधीच्या आवृत्त्यांमधली) ११.४० ते १२.६० व्होल्ट ही मर्यादा पाळली जाते का, याचा. साधा मल्टिमीटर सेकंदातून जेमतेम दोन-चार वेळा आकडा बदलतो. त्यामुळे १२ व्होल्टच्या तारेवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक, वेगवान चढउतार, १२० मिलिव्होल्टच्या आत आहे की नाही हे त्यावर नीट कळत नाही, त्यासाठी असा चढउतार आलेखावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. आणि कार्ड क्षणभरासाठी छापील वॅटेजच्या कितीतरी वर जी उसळी मारते, ती तर मल्टिमीटरला दिसतच नाही. माझ्या सप्लायचे संरक्षण सर्किट त्या उसळीलाच घाबरून सगळे तोडत होते. खूण अशी की बंद पडल्यावर समोरचे बटण कितीही दाबले तरी काही होत नसे. मागचा स्विच बंद करून पुन्हा चालू करावा लागे.

याची खात्री करायला पैसे लागत नाहीत. मी कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे त्याने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी ती मर्यादा, सॉफ्टवेअरमधून २५० वॅटवर आणली आणि आठवडाभर संगणक एकदाही बंद पडला नाही. नंतर एका मित्राचा ७५० वॅटचा, पण एटीएक्स ३.० प्रमाणे बनवलेला सप्लाय लावला, तर लिमिट काढूनही काही झाले नाही. १०० वॅट कमी असलेल्या सप्लायने प्रश्न सुटला, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. २०२२ मध्ये आलेल्या या मानकात, नवा १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या मोठ्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी छापील क्षमतेच्या दुप्पट भार झेलावा अशी अपेक्षा आहे. जुन्या मानकाचे सगळेच सप्लाय टाकाऊ असतात असे मात्र माझे म्हणणे नाही. काही उत्तम होते.

८० प्लसच्या बिल्ल्यावर (माझ्या सप्लायचे 'गोल्ड' हे त्यातलेच मानांकन) लोक जो विश्वास टाकतात, तो मला अनाठायी वाटतो. ती चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते आणि मुख्यतः कार्यक्षमता पाहते. रिपल, संरक्षण किंवा उसळी यांचा तिच्याशी संबंध नाही. त्याऐवजी ४० ते ५० अंशांवर पूर्ण भार टाकून, ऑसिलोस्कोपच्या आलेखांसह केलेले परीक्षण शोधावे, आणि लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. १००० वॅटच्या चांगल्या सप्लायवर तो आकडा ८३ च्या जवळ असतो. बराच कमी असेल तर उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात, जिथे आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

मी विद्युत अभियंता नाही, हेही सांगून ठेवतो. सप्लाय उघडू नका. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. दुसऱ्याचा सप्लाय लावून पाहाल तेव्हा त्याच्याच केबल वापरा, कारण मॉड्युलर, म्हणजे सप्लायपासून सुट्या करता येणाऱ्या, केबलच्या सप्लायकडील टोकाची पिनरचना प्रमाणित नसते आणि चुकीच्या केबलने हार्ड डिस्क जळू शकते. कार्डाला ८ पिनांचे दोन कनेक्टर असतील तर एकाच केबलची दोन तोंडे न लावता दोन स्वतंत्र केबल लावाव्यात.

आधी पॉवर लिमिटचा प्रयोग करून पाहा. बंद पडणे थांबले, तर सप्लाय पुन्हा पाठवताना 'भाराखाली तपासावा' असे लेखी द्या आणि कोणत्या कार्डासोबत, किती वॅटच्या लिमिटवर संगणक चालतो आणि कितीवर बंद पडतो हेही त्यात नमूद करा. माझा तो ८५० वॅटचा सप्लाय आता घरातल्या दुसऱ्या संगणकात, लहान कार्डासोबत, बिनतक्रार चालतो आहे, त्यामुळे पावतीवरचा शेरा शब्दशः खोटा होता असेही मला म्हणता येत नाही.