प्रयोगशाळेतून वॉर्डात जाताना

क्षयाच्या जिवाणूवर पीएचडी करताना तुम्हाला छातीरोग विभागात काही आठवडे बसायला मिळणार आहे, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवातीला थोड्याच गोष्टी सांभाळा.

१. ओपीडीत एन-९५ मास्क लावून शांत बसा आणि ऐका. क्षयाचा उपचार म्हणजे दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन, असे आपण एका ओळीत लिहून मोकळे होतो. परंतु त्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून गोळ्या बंद केलेली बाई समोर बसते, तेव्हा औषधाला दाद न देणारा जिवाणू कुठून येतो, याचा एक धागा हाती लागतो.

२. थुंकीच्या एका डबीचा अहवालापर्यंतचा प्रवास स्वतः चालत पाहा. नुसती लाळ आणि खोल खोकून काढलेला बेडका यांतला फरक डोळ्यांनी पाहिला, की फ्रीजरमधले नमुने वेगळे दिसू लागतात.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच दिवशी नमुने मागणे. नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती यांवाचून काहीही घेऊ नका, वहीत नावे लिहू नका, आणि रुग्णाने औषधाबद्दल विचारल्यास डॉक्टरांनाच बोलवा. जिवाणूच्या जनुकक्रमाच्या अभ्यासाचे पुढे पाहू.