बेस गिटारमधून घरघर येते, तारांना हात लावला की झिणझिण्या येतात, खांदा दुखतो. नवीन ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं आवाज वाढवणारं सर्किट असलेला) बेस घेऊ का?

तुमचं दुखणं मला समजलं ते असं. सेकंडहँड चार तारांचा पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) बेस, फेंडरच्या जॅझ बेस मॉडेलच्या धर्तीचा, दोन पिकअपवाला (तारांची थरथर पकडणारे चुंबकी भाग). लग्नसराईत आणि जयंतीच्या कार्यक्रमांत रात्री तीन-चार तास उभं राहून वाजवता. ॲम्पमधून सारखी घरघर, मधूनच बोटांना झिणझिण्या, डावा खांदा आणि उजवं मनगट धरतं. दुकानदार म्हणतो, ॲक्टिव्ह घ्या, सगळं जाईल.

नका घेऊ. निदान या कारणासाठी तरी नका घेऊ. मी परभणीचा. वीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय आणि दिवसा ॲम्प-मिक्सर दुरुस्त करून पोट भरतो. तुमच्या तक्रारींत बेसचा स्वतःचा दोष फार थोडा दिसतो.

झिणझिण्यांचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या हिशेबानं तीच पहिली गोष्ट. बाकीचं पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल, हे पुढच्या कार्यक्रमाच्या आधी करा.

बेसच्या तारा ब्रिजला (बॉडीवरचा धातूचा भाग, तारा जिथं अडकवतात तो), आणि ब्रिज त्याच्या खालून गेलेल्या एका वायरनं जॅकच्या (केबल खोचायच्या भोकाच्या) ग्राउंडला जोडलेला असतो. तिथून केबलच्या जाळीवाटे ॲम्पच्या बॉडीला, आणि ॲम्पची बॉडी प्लगच्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला. म्हणजे वाजवताना तुमची बोटं कायम ॲम्पच्या पत्र्याला टेकलेली आहेत असं धरा. बोर्डात अर्थच (जमिनीला जाणारी वायरच) नसेल तर पत्र्यावर जे चढेल ते बोटांत उतरणार. त्यात तुम्ही कोरसला माइकवर गात असाल, आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या लाइनवर नाहीतर जनरेटरवर असेल, तर एका टोकाला ओठ आणि दुसऱ्या टोकाला बोटं.

पाथरीकडच्या एका गावात, एप्रिलमध्येच, मंडपवाल्याच्या पोरानं बोर्डात वायरची उघडी टोकं खुपसून वर काडीपेटीच्या काड्या ठोकल्या होत्या. फेज आणि न्यूट्रल, बस. तिसरी हिरवी वायर मागं वळवून टेप मारलेली. मी विचारलं, "अर्थ कुठंय?" तर म्हणतो, "काही होत नाही दादा, सगळीकडं असंच चालायलंय." दुसऱ्या गाण्याला माझा ओठ माइकच्या जाळीला टेकला आणि डोळ्यांपुढं पांढरं झालं. दातावर दात आपटले. समोरच्यांना वाटलं मी गाण्यातली हरकत घेतली, दोघांनी शिट्ट्या मारल्या. माझं निभावलं. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थ नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला.

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. अर्थिंग जमिनीतल्या ओलीवर चालतं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळली की खड्ड्यातली माती पाइपापासून सुटते, आणि श्रावणात ठणठणीत असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वरून पाणी सोडायला सांगतात ते यासाठी. मंगल कार्यालयाच्या बोर्डावरून लाइन घेतलेली असेल तर मी सरळ मागं जाऊन खड्डा शोधतो आणि दोन बादल्या पाणी ओतून येतो. लोक हसतात, हसू द्या.

तुम्ही एक साधा मल्टिमीटर घ्या. एसी व्होल्टवर ठेवून एक काडी बेसच्या तारेला, दुसरी माइकच्या जाळीला लावा. एक-दोन व्होल्ट आले तर ठीक. जास्त आले तर ओठ लांब ठेवा आणि कारण शोधा. कीबोर्डच्या दोन पिनांच्या ॲडॉप्टरमधून थोडी गळती होतच असते, आणि डिजिटल मीटर ती शंभरएक व्होल्ट दाखवून घाबरवतो. तिच्यात दम नसतो. पण नुसती गळती आहे की खरा फेज बॉडीवर आलाय हे बोटाला कळत नाही. म्हणून दोन्ही एकच समजायचं.

इलाज महाग नाही. स्टेजवरचं सगळं, ॲम्प, मिक्सर, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, एकाच तीन पिनांच्या बोर्डावर घ्या, म्हणजे सगळ्यांची अर्थ एक होते. मी स्वतःचा बोर्ड बनवून घेतलाय, त्यात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलाय. अंगातून करंट जमिनीकडं गळायला लागला की तो लाइन तोडतो, बोर्डात अर्थ नसली तरी. जनरेटरवर मात्र न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. आणि घरघर जाते म्हणून ॲम्पची तिसरी पिन कापू नका. घरघर जाते हे खरं आहे, म्हणून तर लोक कापतात. मिक्सरला जाताना डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) लावा, त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे नुसत्या सिग्नल केबलचं ग्राउंड तोडायचं बटण असतं, ते याच कामासाठी दिलेलं आहे.

आता घरघर. बेसचा व्हॉल्यूम शून्यावर करा. तरी घरघर तेवढीच राहिली तर दोष केबल, ॲम्प किंवा लाइनमध्ये. शून्यावर गेली तर ती पिकअपमधून येतेय. मग जागेवर उभं राहूनच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढतो, काटकोनात कमी होतो, म्हणजे पिकअप ट्रान्सफॉर्मर नाहीतर लाइटच्या डिमरची लुडबुड पकडतोय. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तुमच्या मोकळ्या ए तारेचा सूर ५५ हर्ट्झ, म्हणून ती घरघर गाण्याच्या ऐन पोटात बसते.

जॅझ बेसला एक सोय आहे, ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे ठेवले की घरघर आपसात कापली जाते. एक जरा खाली आणला की परत हजर. आधी एवढं करून बघा, पैसा लागत नाही. प्रिसिजन बेस या दुसऱ्या मॉडेलमध्ये ही युक्ती १९५७ पासून पिकअपमध्येच आहे, त्याचे दोन तुकडे त्यासाठीच.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर घाबरू नका, तारांचं ग्राउंड शाबूत आहे असा त्याचा अर्थ. तेव्हा पिकअपच्या आणि कंट्रोलच्या खळग्यांत तांब्याची चिकटपट्टी लावून घ्या. पट्टीचे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेत का ते मीटरच्या बीपवर तपासा. न जोडलेली पट्टी म्हणजे नुसती शोभा. हात लावल्यावर घरघर वाढत असेल तर मात्र जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात किंवा बोर्डात अर्थ नाही.

जॅकची चकती ढिली झाली की लोक बाहेरूनच पान्यानं आवळतात. आत जॅक फिरतो, वायरीला पीळ बसतो आणि ती तुटते, बहुतेक वेळा मुखड्यावर. जॅक बसवलेली प्लेट उघडून, आतून जॅक धरून आवळायचं. आणि केबल सरळ जॅकमध्ये खोचू नका, आधी पट्ट्याच्या आतून वळसा द्या. नाचणाऱ्या पोराचा पाय अडकला तरी ओढ पट्ट्यावर येते.

दुखण्याकडं येतो. तारांची उंची मोजलीय का कधी? शाळेतली स्टीलची पट्टी घ्या, बाराव्या फ्रेटवर (दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) जाड ई तारेची खालची कड ते फ्रेटचं डोकं मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास हवी, बारीक जी तारेला दोनच्या आसपास. सेकंडहँड बेस माझ्याकडं येतात ते चार-साडेचारवाले. एवढं दाबत रात्रभर वाजवलं तर मनगट तक्रार करणारच.

आधी नेक (दांडी) बघायचा, मग ब्रिज. पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटच्या जवळ तार एकदम दाबा, आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांत साधं व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकलं पाहिजे. फट मोठी असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक बसवायची सळई) घड्याळाच्या दिशेनं, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि तासाभरानं परत मोजा. अडकला तर जोर लावू नका. चार तारांचा मिळून ऐंशी किलोच्या आसपास ताण त्या लाकडावर असतो, रॉड तुटला तर नेकच गेला. त्यानंतर ब्रिजवरची सॅडल (तार टेकते तो तुकडा) खालीवर करून उंची बसवा, आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच मोकळ्या हार्मोनिकशी (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुराशी) ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागं.

हे वर्षातून दोनदा करावं लागतं, आपल्या हवेत तरी. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, नेक मागं झुकतो, तारा खडखडतात, फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन तळहाताला टोचतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि तारा वर जातात. मृगात लावलेली उंची उन्हाळ्यात टिकत नाही, यात बेसचा दोष नाही. फक्त उन्हात उभ्या टेम्पोत त्याला ठेवू नका.

खांद्यासाठी साडेतीन इंच रुंदीचा, आतून अस्तर असलेला पट्टा घ्या, शक्य तर चामड्याचा. आत खरखरीत बाजू असेल तर अजून चांगलं, कारण नायलॉनचा पट्टा सरकतो, बेसचं डोकं खाली जातं, आणि डावा हात सूर दाबायचं सोडून नेक उचलून धरायचं काम करत बसतो. तुमचा डावा खांदा त्याचमुळं धरत असावा. पट्ट्याची लांबी अशी ठेवा की बसून मांडीवर बेस जिथं येतो, उभं राहिल्यावरही तिथंच राहील. गुडघ्याशी लोंबणारा बेस फोटोत भारी दिसतो, पण उजवं मनगट काटकोनात मोडतं. डावा अंगठा नेकच्या पाठीशी, मूठ आवळायची नाही. आणि ॲम्प थोडा वाढवून बोट हलकं करा. बहुतेक पोरं ॲम्प ऐकू येत नाही म्हणून तारा उपटतात. रात्री बोटं बधिर होत असतील तर पट्टा-बिट्टा राहू द्या, हाडाच्या डॉक्टरला दाखवा.

तारा ४५-१०५ च्या (बारीक ते जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) असतील तर एकदा ४०-९५ लावून बघा, हाताला फरक लगेच कळतो. तारा बदलल्यावर नेक परत मोजायचा. घामानं तारा गंजतात, कार्यक्रम संपला की सुक्या फडक्यानं पुसा, एवढं पुरे. चमकदार आवाजासाठी दर महिन्याला तारा बदलणारे आहेत, माझं मन तिथं बसत नाही. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (चपट्या तारेनं गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारा वर्षानुवर्षं तशाच ठेवून, बहुतेक एका बोटानं वाजवायचा. ढोलकीबरोबर वाजवायला मला त्या मऊ, गोल आवाजाच्या तारा जास्त आवडतात. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताशी भांडण होत नाही.

उरला ॲक्टिव्ह. त्यातला प्रीॲम्प सिग्नल दणकट करतो, लांब केबलमध्ये तीक्ष्णपणा मरत नाही, बेस-ट्रेबल हाताशी येतात. पण पिकअप तसेच सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) असतील तर तो घरघरही तितक्याच इमानदारीनं वाढवतो. शिवाय नऊ व्होल्टची बॅटरी. केबल जॅकमध्ये राहिली की ती चालूच राहते, आणि कार्यक्रम संपल्यावर केबल काढायचं तुम्ही कधीतरी विसरणारच. मी बॅटरीवर टेप लावून तारीख लिहितो, तरी गंगाखेडला एकदा ऐन नांदीत आवाज फाटायला लागला होता.

आधी पट्टा, मीटर आणि बोर्ड घ्या. मीटर लावल्यावर तार आणि माइक यांच्यात किती व्होल्ट आले, आणि तारांना हात लावल्यावर घरघर वाढते की कमी होते, हे दोन सांगा. आकडा शंभरच्या वर असेल तर ॲम्प घेऊन परभणीला या, समोर उघडून बघू.