आयर्लंडमधलं न्यूग्रेंज (अश्मयुगीन थडग्याचं टेकाड) पाहायला गाइडेड टूर घ्यावीच लागते का? सोबत सत्तरीची आई आहे, ठाण्याहून जातोय.

आत जायचं तर घ्यावीच लागते. परस्पर टेकाडापाशी जाता येत नाही. ब्रू ना बोन्या या तिथल्या परिसराच्या पर्यटक केंद्रातून त्यांचीच बस नेते. तिकीट इथूनच ऑनलाइन काढून ठेवा.

बाहेरून बघाल तर गवताने झाकलेला गोल ढिगारा, व्यास साधारण ८५ मीटर. इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमाराचा, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडहून जुना! आतली दगडी वाट १९ मीटर, लोकलचा जेमतेम एक डबा. पण अरुंद. एके ठिकाणी वाकून, अंग तिरकं करून सरकावं लागतं. ठाणेकरांना त्याची सवय असतेच म्हणा. आईंचे गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल, तर त्यांना बाहेरच थांबू द्या. कडेचे कोरीव दगड बघण्यासारखे आहेत.

आत गाइड दिवे घालवते. मिट्ट काळोख. मग जमिनीवरून उजेडाची बारीक पट्टी सरकत येते. तो बल्ब असतो. खरं ऊन २१ डिसेंबरच्या आसपास, सूर्योदयाच्या सुमारास साधारण १७ मिनिटं, दारावरच्या झरोक्यातून येतं. त्यासाठी म्हाडासारखी सोडत निघते. आत फोटो काढू देत नाहीत.