चार बॅगा, एक बाळकृष्ण

प्रश्न: आईबाबा पुढच्या महिन्यात कायमचे माझ्याकडे मेलबर्नला येत आहेत. जुन्या नाशकातला वाडा विकला. दोघांच्या मिळून चार बॅगा, प्रत्येकी २३ किलो. आई देवघरापासून हलत नाही, बाबांना पणजोबांची हस्तलिखित पोथी हवीच आहे. मी व्हिडिओ कॉलवर 'हे घ्या, ते काढा' सांगते आणि रोज वाजतं. काय करू?

उत्तर: आधी ते व्हिडिओ कॉल थांबवा. घर त्यांचं सुटतंय. निवड त्यांनाच करू द्या, तुम्ही फक्त वजन आणि नियम सांभाळा.

नियमांत पहिली अडचण पोथीची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षं पूर्ण झालेली, पुरावशेषात म्हणजे जपायच्या प्राचीन वस्तूंत मोडणारी मूर्ती किंवा कोरीव वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि तो महिन्याभरात हाती पडेल या भरवशावर तिकीट काढू नका. पोथी नाशकातच एखाद्या काकांकडे ठेवा, पानं नीट स्कॅन करून घ्या. बाबा रुसतील. रुसू द्या.

देवांचं तसं नाही. आईंना विचारा, बाळकृष्ण आला कुठून? आपल्याकडे लेक सासरी निघते तेव्हा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा सोबत देतात. लग्नात घडवलेला असेल तर त्याचं वय आईंच्या संसाराएवढंच. हातातल्या पिशवीत मऊ फडक्यात गुंडाळून येऊ दे. कुळाचे जुने टाक मात्र शंभरी ओलांडलेले असू शकतात, ते नाशकातल्या भावकीत कोण पूजेला ठेवेल ते विचारा.

पोळपाट-लाटणं, रुद्राक्ष, तुळशीची माळ, मसाले, लोणचं: ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर हे सगळं लिहायचं. लिहिलेलं तपासतात, लपवलेल्याला दंड होतो. पोळपाटाला किडीची भोकं दिसली तर त्याचा मोह सोडा.

आता पितळ. भांडी बाजाराच्या गावचे आपण, त्यामुळे इथे सगळ्यांचाच तोल जातो. मी स्वतः जादा वजनाचे पैसे भरून आजीचं घंगाळ आणलं. गेली कित्येक वर्षं त्यात छत्र्या उभ्या आहेत. आणि नुसतं पितळ किंवा तांबं इंडक्शनवर तापत नाही, त्याला लोखंड लागतं. म्हणून आईंचा रोजचा बिडाचा तवा घ्या, पुरणयंत्र घ्या, हाताला सवयीचा खलबत्ता घ्या. आईंना तिथे पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघर परकं वाटेल, तेव्हा या तीन वस्तू उपयोगी पडतील. पैठण्यांवर वाद घालू नका, त्यांना वजन फार नसतं.

जन्म-विवाहाचे मूळ दाखले, पेन्शनची कागदपत्रं, वाड्याच्या विक्रीखताची प्रत हातातल्या पिशवीत. अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागणार असेल तर ते निघण्याआधीच.

एक काम राहिलं. त्र्यंबकला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या वहीत मागच्या पिढ्यांची नावं असण्याची शक्यता आहे. तुम्ही न्यायला याल तेव्हा एक सकाळ बाबांना घेऊन जा, पणजोबांचं पान शोधायला सांगा, आणि त्याखाली मेलबर्नच्या नातवंडांची नावं बाबांकडून नोंदवून घ्या.