कणा कुणाला, अंडी कुणाची?

प्रश्न : मी चौथीला शिकवते. बऱ्याच मुलांनी वहीत लिहिलंय, 'कणा असलेले प्राणी पिल्लं देतात, कणा नसलेले अंडी घालतात.' हे कसं सुधारू? (शिक्षिका, कसबा बावडा)

बाई, वाक्य खोडण्याआधी मुलांनाच ओळखीचे प्राणी आठवू द्या. कोंबडी, सरडा, बेडूक, पंचगंगेतले मासे. कणा सगळ्यांना आहे, तरी कोंबडी, बेडूक अंडीच घालतात. सापांतही नाग आणि धामण अंडी घालतात, तर घोणस आणि फुरसं थेट पिल्लांना जन्म देतात. उलट विंचवाला कणा नाही, पण विंचवीण पिल्लांनाच जन्म देते. पांढुरकी पिल्लं आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथंच राहतात. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मुलांना ठाऊक असतेच. ही पिल्लं आईला खाऊन टाकतात, असं गावोगाव सांगतात. ते खरं नाही, हेही वर्गात सांगा.

फळ्यावर दोन वेगळे प्रश्न लिहा : कणा आहे का? पिल्लू कुठं वाढतं? पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही, एवढं मुलांना पटलं की बाकीचं सोपं आहे.

प्रश्न : दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का येत नाही, असं मुलगी विचारते. मी विषय बदलतो. (पालक, कळंबा)

बदलू नका, तिचा प्रश्न फार चांगला आहे. मादीच्या शरीरात अंडाणू असतो, नराच्या शरीरात शुक्राणू. दोघं एकत्र आले तरच नवा जीव सुरू होतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, पण त्यातून पिल्लू येत नाही. अंड्यांच्या पोल्ट्रीत सहसा कोंबडे ठेवतच नाहीत. घरी कोंबडा असेल तर खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवून पाहा, साधारण २१ दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

आता ती विचारेल, कोंबडा नेमकं करतो काय? अंड्यावर कवच चढलं की शुक्राणूला आत जायला वाट उरत नाही. म्हणून त्याआधी, कोंबडीच्या पोटातच, दोघांची भेट व्हावी लागते. त्यासाठी कोंबडा आणि कोंबडीचं मीलन होतं. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. मादी पाण्यात अंडी सोडते, नर तिथंच त्यांवर शुक्राणू सोडतो. पाऊस लागला की भातखाचरांच्या कडेला त्या अंड्यांचे बुळबुळीत पुंजके दिसतात. मुलीला नक्की दाखवा. म्हशीचं रेडकू मात्र पोटातच वाढतं, सुमारे दहा महिने.

प्रश्न : गांडूळ तोडलं की दोन गांडुळं होतात का? (पाचवीतला विद्यार्थी, उचगाव)

नाही बाळा. शेपटीकडचा तुकडा मरतो. तोंडाकडचा कधीकधी जगतो, कधी तोही मरतो. म्हणून तोडून बघू नकोस. गंमत वेगळीच आहे : एकाच गांडुळात नराचे आणि मादीचे, दोन्ही अवयव असतात. तरीही दोन गांडुळं जवळ येऊन एकमेकांना शुक्राणू देतात. मग अंगावरच्या जाड पट्ट्यातून छोटा कोष तयार होतो आणि अंडी त्यात राहतात. गांडूळखताच्या वाफ्यात बारीक, पिवळसर, लिंबाच्या आकाराचे दाणे दिसले तर ते हेच कोष.

प्रश्न : हे शिकवताना मूल 'मी कसा झालो?' असं विचारेल, ही भीती वाटते. (शिक्षक, गारगोटी)

विचारेलच, आणि विचारायलाच हवं. आईचा अंडाणू, बाबांचा शुक्राणू, आईच्या गर्भाशयात साधारण नऊ महिने. चौथीला एवढं पुरतं. 'दवाखान्यातून आणलं' असं मात्र सांगू नका. अवयवांची खरी नावं ठाऊक असलेलं मूल, कुणी नको तिथं हात लावला तर ते नीट सांगू शकतं. माझ्या मते या धड्याचं हे सर्वांत मोठं काम आहे. आधी पालकसभेत बोलून घ्या.

प्रश्न : उसावरचा लोकरी मावा एवढा झपाट्यानं कसा वाढतो? पोरगं विचारतंय. (शेतकरी, शिरोळ)

२००२ च्या सुमारास आपल्या भागात त्यानं केलेलं नुकसान तुम्हाला आठवत असेल. या माव्याच्या माद्या नराशिवायच, अंडी न घालता, जिवंत पिल्लं देतात आणि ती पिल्लं काही दिवसांत स्वतः आई होतात. पोराला भिंग देऊन उसाच्या पानाची खालची बाजू बघायला सांगा, मावा तिथंच बसलेला असतो.